उघडून बघ

प्रिय मुली,

तुझा मेल काल दोनदा वाचला. दहा रॅट्सपैकी नवांचे ग्रॉइन फ्लॅप, म्हणजे जांघेतून कापून बारीक रक्तवाहिन्या शिवून पुन्हा जोडलेले कातडीचे तुकडे, जगले, सगळे गुलाबी. त्यातल्या एकाची जांघ सातव्या दिवशी उघडलीस, तर धमनीत गुठळी. फ्लॅप मात्र ठणठणीत. ‘आता काय लिहू?’ विचारतेस.

आधी उरलेले आठ उघड. ज्याचा फ्लॅप मेला तो दहावाही.

फ्लॅप जगला म्हणजे रक्तवाहिनीची जोडणी चालली असं नव्हे. रॅटची कातडी पातळ. खालच्या मांसावर टेकली की तिथूनच पोसली जाते आणि आठवड्याभरात नव्या केशवाहिन्या आत शिरतात. ते अडवायला तर फ्लॅपखाली सिलिकॉनची शीट घालतात. का घातली नाहीस, हे विचारत नाही. मीही घातली नव्हती.

चोवीस फ्लॅप केले होते मी. परिषदेत स्लाइड्स दाखवल्या, टाळ्याही मिळाल्या. मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या सर्जननी विचारलं, “उघडून पाहिलंत?” तोवर सगळे प्राणी भट्टीत गेले होते. चोवीस जीव खर्ची घातले आणि माझे टाके चालले की नाही, हे मला आजही माहीत नाही. त्यानंतर प्रत्येक जोडणी उघडून पाहायला लावली, म्हणून माझ्या विद्यार्थ्यांचे प्रबंध रखडले, लोक मला हेकट म्हणाले. म्हणोत. माणसाची जोडणी बंद पडली की फ्लॅप काळा पडतो, तिथे रॅटची मेहेरबानी नसते. स्ट्रॉख आणि मरे या सर्जननी अशी फ्लॅपची जोडणी १९६७ साली रॅटमध्ये केली, १९७३ मध्ये मेलबर्नला टेलर आणि डॅनियल यांनी माणसावर. मधल्या सहा वर्षांत कुणीतरी उघडून पाहिलंच असेल ना!

शेवटची भूल दिलीस की रक्त वाहतं असतानाच बघ. जोडणीच्या पुढे दोन चिमटे धर, मधला भाग निपटून रिकामा कर, जोडणीकडचा चिमटा सोड. झर्रकन भरला तर चालू. मग तो मिलिमीटरभर तुकडा कापून उभा चीर आणि मायक्रोस्कोपखाली ठेव. १०-० नायलॉनचा, म्हणजे केसाहून बारीक धाग्याचा, एखादा टाका समोरची भिंतही पकडून बसलेला दिसेल. बहुतेक मागच्या बाजूचा. तिथे सगळ्यांचाच हात चुकतो.

गाइड ‘नऊ जगले’ एवढंच लिही म्हणतात? लिही. शेजारच्या रकान्यात किती जोडण्या चालू सापडल्या तेही लिही. चार निघाल्या तर चार.

सोमवारी पहिला उघडलास की फोन कर. अकरानंतर मी मोकळा असतो.

तुझा,
सर