करसल्ला : बेदाण्याचे पैसे मुलाच्या खात्यात

प्रश्न : मी तासगाव तालुक्यात शिक्षक आहे. २०२२-२३ मध्ये, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, माझ्या बचत खात्यात १४,२०,००० रुपये रोख भरले. पैसे वडिलांच्या बेदाण्याचे, घर बांधायला दिलेले. आयकराच्या नोटिसा जुन्या ई-मेलवर गेल्या, मला कळल्याच नाहीत. आता सगळी रक्कम बेहिशेबी धरून ७८ टक्के कर लावलाय. अपिलात सातबारा जोडला तर भागेल का?

उत्तर : नाही भागणार. सातबाऱ्यावरून बाग वडिलांची आहे एवढंच कळतं. खरी अडचण तारखांची आहे. द्राक्षं उतरली फेब्रुवारी-मार्चात, मग पैसा ऑक्टोबरात कसा? तुम्हाला हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. पण अपील ऑनलाइन चालतं, आणि कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या अधिकाऱ्याने बेदाण्याचं शेड कधी पाहिलेलं नसतं. द्राक्षं वाळवून केलेला बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये राहतो आणि महिन्यांनी विकला जातो, हे त्याला कागदावर दाखवावं लागतं. म्हणून आधी कोल्ड स्टोरेजची पावती शोधा. माल कधी ठेवला, किती बॉक्स, किती वजन, हे तिच्यावर असतं. मग अडत्याच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याची बिलं. दोन्हीतलं वजन जुळायला हवं. पट्ट्या हरवल्या असतील तर अडत्याकडून खतावणीचा, म्हणजे त्याच्या हिशोबवहीतल्या वडिलांच्या खात्याचा, उतारा घ्या.

अडत्याने चेक दिले असतील तर सोपं आहे. वडिलांनी पैसे काढल्याच्या आणि तुम्ही भरल्याच्या तारखा एका कागदावर समोरासमोर मांडा. मात्र पट्टीची सगळी रक्कम हातात उरली असं दाखवू नका. छाटणी, औषधं, मजुरी, सोसायटीच्या शेतीकर्जाचा हप्ता, घरखर्च वजा करा. दहाच लाख जुळत असतील तर दहाच सांगा. तेवढ्यावरचा कर तरी वाचेल.

उरलेल्या रकमेसाठी हातउसने घेतल्याची गोष्ट रचू नका. माझ्याकडे एकाने शेजाऱ्यांची सात प्रतिज्ञापत्रं आणली होती. मजकूर एकच, आणि स्टॅम्पपेपर एकाच दिवशी घेतलेले, ओळीने नंबरांचे! शिवाय २०,००० किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीत घेतलं तर तेवढाच दंड बसू शकतो. वडिलांचं प्रतिज्ञापत्र हवंच. पण एका दिवसात दोन लाख किंवा जास्त रोख घेण्यावरही कायद्याची बंदी आहे, तेव्हा पैसे कधी, किती आणि कशासाठी दिले हे जसं घडलं तसंच, वकिलाला दाखवून लिहा.

आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपिलाचा फॉर्म ३५ भरा. हे पुरावे आधी दिलेले नाहीत, म्हणून ते अपिलात नव्याने घ्यावेत यासाठी आयकर नियम ४६अ खाली वेगळा अर्ज करा आणि जुन्या ई-मेलचं कारण त्यात लिहा. वसुली थांबवायला साधारणपणे मागणीच्या २० टक्के भरायला सांगतात.

वडील हिशोबाची डायरी ठेवत असतील तर ती उतरवून स्वच्छ करू नका. औषधाच्या उधारीची, खाडाखोड असलेली मळकी पानंच स्कॅन करून जोडा.