दुमडलेली पानं उलगडण्याचं काम

नमस्कार ताई,

मुलगी संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पियानोची आठवी ग्रेड झालीय आणि आता तिला ऑपेराचे जुने स्कोअर, म्हणजे गायक-वादकांसाठी लिहिलेली स्वरलिपी, संपादित करायचेत. ‘छापून झालेल्या संगीतात संपादन करायला उरतं काय, आणि त्यावर पोट भरतं का?’ असं तुम्ही विचारलंय.

उरतं ते पुष्कळ. इटालियन संगीतकार वर्दीचा ‘डॉन कार्लोस’ हा ऑपेरा घ्या. मार्च 1867 मध्ये पॅरिसला पहिला प्रयोग होण्याआधीच तो इतका लांबला, की उपनगरांतल्या प्रेक्षकांची शेवटची गाडी चुकेल म्हणून वर्दीला काही भाग कापावे लागले. ते शंभरेक वर्षं कुणी ऐकले नाहीत. 1970 च्या सुमारास डेव्हिड रोझेन आणि अँड्र्यू पोर्टर या अभ्यासकांना पॅरिस ऑपेराच्या ग्रंथालयात त्यांचा माग लागला. काही पानं नुसती दुमडून ठेवलेली होती. पोर्टरनं वादकांच्या एकेका वहीतून सुटे सूर उतरवून ते संगीत पुन्हा जुळवलं. गंमत म्हणजे एका कापलेल्या प्रसंगाची चाल वर्दीनं 1874 च्या रिक्विएममध्ये, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतात, वापरूनही टाकली होती! मग 1884 ला मिलानसाठी त्यानं पहिला अंकच काढला, आणि 1886 ला मोदेनातल्या प्रयोगात तो परत आला. आता यातला खरा ‘डॉन कार्लोस’ कुठला?

पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तेव्हा मागाहून पडलेली भर वेगळी काढायची होती. इथं भर घालणारा आणि खोडणारा, दोन्ही खुद्द कर्ताच. शिवाय नकलनविसाच्या चुका आहेत, गायकाच्या सोयीसाठी केलेले बदल आहेत. संपादकाला प्रत्येक फरकापुढे कुणी, कधी, कुठल्या प्रयोगासाठी, हे लिहावं लागतं.

पोटाचं स्पष्टच सांगते. कायमच्या जागा फार थोड्या, बहुतेक कामं मुदतीच्या प्रकल्पांवरची आणि जवळजवळ सगळी युरोप-अमेरिकेत. म्हणून संख्याशास्त्र सोडू देऊ नका. जर्मनीत पाडरबोर्न-डेटमोल्डला जर्मन संगीतकार वेबरच्या समग्र संगीताचं संपादन संगणकाच्या मदतीनं चालतं. अशा ठिकाणी स्वरलिपी आणि कोडिंग दोन्ही येणारं माणूस उपयोगी पडतं. इटालियन ऑपेराच हवा असेल तर पाविया विद्यापीठाचा क्रेमोनातला संगीतशास्त्र विभाग पाहा. भाषेला मात्र पर्याय नाही. शब्द कळल्याशिवाय ऑपेरातला सूर का बदलला हे कळत नाही.

भाषेच्या क्लासची फी भरण्याआधी एक करा. ‘डॉन कार्लोस’मधल्या फिलिप राजा आणि पोझा या पात्रांचं द्वंद्वगीत वर्दीनं 1872 ला नेपल्ससाठी बदललं, 1884 ला पुन्हा बदललं. जुने छापील स्कोअर आयएमएसएलपी (IMSLP) या ऑनलाइन संगीत-ग्रंथालयात फुकट मिळतात. तिला 1867 आणि 1884 चं रूप शेजारी ठेवून फरकांची यादी करायला सांगा. तीन आठवड्यांनंतरही ती यादीच घेऊन बसलेली दिसली, तर मला पुन्हा लिहा. जर्मन आधी की इटालियन, ते तेव्हा ठरवू.