जुनी डिझेल पिकअप गचके देते आणि क्रूझ आपोआप सुटतं, पंप उतरवायचा का?

थांबा, पंपाला हात लावू देऊ नका अजून. तुम्ही लिहिलंय की २०१४ ची डबल कॅब, १ लाख ८० हजार चाललेली, टॉपला ७०-८० च्या स्पीडने पाय एका जागी धरला तरी गाडी आपणच ओढते मग सोडते, परत ओढते, आणि क्रूझ (पेडलवर पाय न ठेवता ठरवलेला स्पीड धरून ठेवणारं क्रूझ कंट्रोल) लावलं की मिनिटा-दोन मिनिटांत सुटतं, आणि गॅरेजवाला म्हणतो डिझेलचा पंप गेलाय. सेम टू सेम माझ्या गाडीला झालेलं. मी देवगडकडचा, सीझनला वाशीपर्यंत पेट्या घेऊन जायच्या असतात, त्यामुळे गाडी उभी करून चालत नाही. मलाही एका ठिकाणी पंप-इंजेक्टर मिळून ७० हजार सांगितलेले आणि शेवटी निघालं काय तर वीतभर रबरी पाइप आणि क्लच पेडलवरचं एक प्लॅस्टिकचं बटण.

तुमचं तेच असेल असं नाही म्हणत. पण हे दोन आजार आहेत की एकच, ते आधी वेगळं करा, फुकटात होतं.

क्रूझ मेन स्विचपासून बंद ठेवा आणि सपाट रस्त्यावर, कणकवली-कुडाळ सिमेंटचा आहे तिथे मस्त जमतं, नुसत्या पायाने चालवा. गचके तरीही येत असतील तर क्रूझचा त्यात दोष नाही. आताच्या इलेक्ट्रॉनिक पेडलच्या गाड्यांत क्रूझला वेगळी केबल वगैरे काही नसते, ते फक्त ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगतं की एवढा स्पीड धर, बाकी काम इंजिनचंच. आणि चालवताना काटे बघा. आरपीएमचा काटा वर उडतोय पण स्पीड आहे तिथेच, तर ते हंटिंग (इंजिन आपणच ओढतं-सोडतं ते) नाहीच, क्लच स्लिप होतोय. घाटात लोड घेऊन फिरणाऱ्या गाडीचा क्लच आधी बघायचा. दोन्ही काटे बरोबर वर-खाली होतात, मान पुढेमागे होते, तर मग पुढचं वाचा.

माझा पहिला संशय एअरवर. तुमच्या गाडीत टाकीत इलेक्ट्रिक पंप नसेल, म्हणजे पुढचा पंपच टाकीतून डिझेल ओढून घेत असेल, तर टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन ओढीवर असते. तिथे बारीकशी चीर असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून खाली एक थेंब दिसत नाही आणि सगळे पंपाला शिव्या घालतात. खुणा सांगतो: सकाळी पहिला स्टार्टर लांबतो, टाकी अर्ध्याच्या खाली गेली की त्रास वाढतो, चढावाला जास्त. माझी परशुराम घाट चढताना अशी करायची की शेजारी बसलेला विचारायचा, काय रे गिअर पडत नाही काय.

आमच्या मिस्त्रीने काय केलं, फिल्टर आणि पंपाच्या मधला रबरी पाइप काढून तिथे हातभर पारदर्शक पीव्हीसी पाइप लावला, क्लिप आवळल्या, हँड पंपाने एअर काढली आणि गाडी चालू करून दोन हजारवर धरायला सांगितली. पहिले पाचेक सेकंद पिवळं स्वच्छ डिझेल, मग मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक, मग चांगली बोटाच्या पेरभर लांब हवेची पोकळी सरकत पंपाकडे गेली आणि त्याच क्षणाला इंजिन खाली बसून वर उठलं. म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "डिझेल खंय, सोडा जाता हा पंपात!" मग त्याने एकेक जोड मागे मागे तपासत नेला, चीर होती फिल्टरच्या आधीच्या पाइपला, क्लिपच्या बरोबर खाली, पाइप वाकवल्याशिवाय दिसत नव्हती. हा पारदर्शक पाइप तपासण्यापुरताच हं, कायमचा ठेवू नका, डिझेलने कडक होऊन फुटतो. आणि हे सगळं पंपाच्या आधीच्या बाजूला. पंपाच्या पुढच्या लोखंडी पायपांना गाडी चालू असताना हात लावायचा नाही, आयडललाच तिथे ३०० बारच्या आसपास प्रेशर असतं आणि जोर लागला की १००० च्या कितीतरी वर, कातडी फोडून आत जातं डिझेल.

त्याच वेळी डिझेल फिल्टर किती चाललाय बघा आणि खालचा नळ सोडून पाणी काढा. आपल्याकडे पावसाळ्यात, त्यात कॅनमधून डिझेल भरत असाल तर पाणी निघणारच.

एवढ्याने नाही गेलं तर स्कॅनर लावा. पण नुसते कोड वाचून नको, कोणालातरी शेजारी बसवून चालत्या गाडीत लाइव्ह डेटा बघायला सांगा. रेल प्रेशर, म्हणजे पंपाच्या पुढे इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलचं प्रेशर, मागितलेलं किती आणि मिळतंय किती, दोन आकडे असतात. मिळणारं आधी पडतं आणि मग गचका, तर डिझेलच्या बाजूचा घोळ. पाय स्थिर असताना पेडलचा टक्का उड्या मारतोय तर पेडलचा सेन्सर. दोन्ही नीट आहेत आणि टर्बोचं प्रेशरच वर-खाली, तर व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणारा) पाइप, ईजीआर (सायलेन्सरकडचा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलाय का ते. आणि स्कॅनरच्या आधी बॅटरीची अर्थिंगची पट्टी सोडून घासून परत आवळा, समुद्राजवळच्या गाडीला ही पट्टी वरून धड दिसते आणि बोल्टखाली हिरवी झालेली असते. उंदराने वायर कुरतडलीय का तेही बघा, अंगणात झाडाखाली गाडी लावत असाल तर नक्की बघा.

आता क्रूझ. पहिली गोष्ट, मीटरमधला इंजिनचा चेक लाइट पेटलेला असेल तर बऱ्याच गाड्या स्वतःहून क्रूझ बंद ठेवतात, मग स्विच बदलून काही उपयोग नाही, आधी इंजिनचं निस्तरा. दिवा नसेल तर वाकून पेडल बघा. क्लच आणि ब्रेक दोन्हीला वर एकेक स्विच असतो, आणि पेडलच्या पट्टीवर त्या स्विचचा दांडा दाबून ठेवणारं छोटं प्लॅस्टिकचं किंवा रबरी बटण. ते जुनं होऊन चुरा होतं. मग पाय नसला तरी गाडीला वाटतं क्लच दाबलाय. माझ्या मॅटवर पिवळट बिस्किटासारखा चुरा पडलेला, मी दोन वेळा झाडून टाकला, डोक्यात आलंच नाही कसला ते. बटण नुसतं झिजलेलं असेल तर खड्ड्यात पेडल हललं की सुटतं, तुमचं मिनिटा-दोन मिनिटांनी सुटतंय त्यामुळे मला हेच वाटतंय.

ब्रेकच्या स्विचसाठी रात्री गाडी भिंतीला पाठ करून लावा, पेडलवर नुसतं बोट ठेवून हलवा आणि भिंतीवरचा लाल उजेड बघा. लुकलुकला तर स्विच बदला. बहुतेक स्विचमध्ये दोन कॉन्टॅक्ट असतात, दोघांचं जुळलं नाही तरी क्रूझ लागत नाही, म्हणून मागचे दिवे पेटतायत म्हणजे स्विच चांगला असं धरू नका. मागे बाहेरून एलईडी बल्ब बसवलेत का? जुन्या काही सिस्टिम त्या बल्बमधूनच अर्थ शोधतात, साधे बल्ब लावून बघा. हॉर्नही कधी वाजतो कधी नाही, एअरबॅगचा दिवा पेटलाय, असं असेल तर स्टिअरिंगमधली गुंडाळीची केबल, ते मात्र घरी खोलू नका.

हे सगळं होऊनही रेल प्रेशर नाचतच असेल तर पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल घ्यायचं ते ठरवणारा) आधी बदलून बघायला सांगा, बऱ्याच पंपांवर तो वेगळा मिळतो, आख्खा पंप उतरवायची वेळ त्याच्यानंतर. क्लच पेडलच्या वरचा फोटो काढून टाका इथे, बटण आहे की नाही सांगतो.