सोनामुखी : फुलोरा येण्याआधी विळा लावा

प्रश्न : मुरमाड रानात दीड एकर सोनामुखी आहे. पहिल्या तोडीचा पाला व्यापाऱ्याने ‘सत्त्व कमी’ म्हणून परत केला. वाळवताना पाने काळी पडली. दुकानदार म्हणतो, फुलोऱ्याचे टॉनिक आणि अळीचे औषध एकत्र मारा, उतारा वाढेल. मारू का? आणि उरलेल्या पाल्याचे चूर्ण करून घरी रोज घेतले तर चालेल का?

उत्तर : टॉनिक मारू नका. बाटली फोडली नसेल तर आजच परत करा. फुलोरा वाढवायचा तो कापसात, तुरीत. सोनामुखीत फुलोरा हाच तोटा आहे.

या पिकात आपण पाला विकत नाही, पाल्यातले सेनोसाइड विकतो. हे अँथ्राक्विनोन कुळातले द्रव्य. कोरफडीचा पिवळा चीक आणि बहाव्याच्या शेंगेतला गर रेचक असतो, तोही याच कुळातल्या द्रव्यांमुळे. सेनोसाइड जठरातून आणि लहान आतड्यातून जसेच्या तसे पुढे सरकते. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते फोडतात, मग सहा ते बारा तासांनी पोट साफ होते. बद्धकोष्ठाच्या गोळ्यांसाठी कारखाने पाला घेतात तो याचसाठी. सुक्या पानात ही द्रव्ये किमान अडीच टक्के हवीत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची कसोटी आहे. कोवळ्या पानात ती भरपूर असतात. झाड फुला-शेंगांकडे वळले की पानात कमी होत जातात. तुमचा माल इथेच हलका झाला.

पेरणीनंतर साधारण दोन महिन्यांनी, तुरे फुटायच्या बेतात असताना पहिली तोड घ्या. दुसरी नव्वद ते शंभर दिवसांनी. शेवटची साडेचार-पाच महिन्यांच्या आत. मधे तुरे दिसले तर खुडून टाका, बगलफांद्या फुटतात आणि पालाही वाढतो. “अजून आठ दिवस थांबा, वजन भरेल,” असे सांगणारे खूप भेटतील. थांबू नका. वजन भरते ते काडीचे.

युरियाचेही तेच. एकरी तीन-तीन गोण्या टाकलेली राने मी पाहिली आहेत. झाड लुसलुशीत होते, अळी आणि बुरशी दोन्हींना आमंत्रण मिळते. शेणखत दिलेल्या रानात एका गोणीच्या वर जाऊ नका, तीही दोन हप्त्यांत. पाणी बेताचे द्या. सोनामुखी ताण सोसते, साचलेले पाणी सोसत नाही. काळ्या भारी रानात जूनमध्ये पेरलेली सोनामुखी मर लागून जाताना इतक्या वेळा पाहिली आहे की मी पावसाचा जोर ओसरल्यावरच पेरा म्हणतो. बियाणे एकरी सहा ते आठ किलो पुरते. साल टणक असते, म्हणून रात्रभर भिजवून पेरा.

अळीबद्दल. पांढरट-पिवळी फुलपाखरे पिकावर घिरट्या घालताना दिसली की पानावर अंडी पडली समजा. हिरवी अळी पाल्यावरच जगते. सुरुवातीलाच वेचा, पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. कापसावरचे प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचे मिश्रण इथे आणू नका. ज्या औषधाच्या लेबलावर या पिकाचे नाव नाही ते मारायचे नाही, मग दुकानदार कितीही छातीठोक सांगो. हे पान सरळ माणसाच्या पोटात जाणार आहे. अवशेष सापडला की अख्खा लॉट परत, आणि भाडे तुमच्या डोक्यावर.

आता वाळवण. मला सगळ्यात जास्त तळमळ याचीच वाटते, कारण चांगले पीक इथे मातीमोल होते. दव उतरल्यावर तोडा. पाला ढिगात एक रात्रही ठेवू नका, आत गरम होतो, काळा पडतो आणि सत्त्वही जाते. शेडमध्ये किंवा गोठ्याच्या मोकळ्या पडवीत पातळ थर पसरा, दिवसातून दोन-तीनदा हलवा. तीन ते पाच दिवसांत पिवळसर हिरवे, हातात कुरकुरणारे पान मिळते. रखरखीत उन्हात डांबरी रस्त्यावर वाळवू नका. व्यापारी “लवकर आणा” म्हणतो म्हणून ओला पाला पोत्यात भरू नका. पुन्हा सांगतो, ओला पाला पोत्यात भरू नका.

तोडताना मजुरांना बांधावरचा तरवड, म्हणजे सोनामुखीसारखेच दिसणारे झुडूप, आधी दाखवून ठेवा, नाहीतर त्याचा पाला मालात मिसळतो. तरवडाच्या देठाशी कानासारखी रुंद पाने असतात आणि पर्णिका, म्हणजे एका पानातली छोटी पाने, बोथट. सोनामुखीची पर्णिका भाल्यासारखी निमुळती. प्रयोगशाळेत तीव्र गंधकाम्लाचा थेंब पडला की तरवडाचे चूर्ण लालभडक होते, भेसळ लपत नाही.

लागवड साहाय्य हवे असेल तर राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या योजनेत या वर्षी हे पीक आहे का, हे कृषी कार्यालयात विचारा. सात-बारा, आठ-अ, बँक पासबुक घेऊन या. मंजुरी आधी, बियाणे नंतर. खरेदीदार शोधायला ‘ई-चरक’ पोर्टल आहे. परत खरेदीची हमी तोंडी असेल तर ती धरू नका.

घरच्या चूर्णाचे म्हणाल तर रोज घेऊ नका, कुणाला देऊही नका. गोळीत सेनोसाइड मोजून असते, चमचाभर चूर्णात किती उतरले ते कळत नाही. जास्त झाले की मुरडा, जुलाब, अंगातले पाणी आणि पोटॅशियम कमी होते. हृदयाची किंवा लघवी जास्त होण्याची औषधे चालू असलेल्यांना हे धोक्याचे आहे. आठवड्यापेक्षा जास्त लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा. गरोदर बाई आणि लहान मुले यांना तर वैद्याच्या सल्ल्याशिवाय चिमूटभरही नको. उरलेला पाला नीट वाळवून पुढच्या तोडीबरोबर विकायला काढा. मात्र काळा पडलेला त्यात मिसळू नका, तो उकिरड्यावर टाका.