कमांड-लाइन डीबगरचे एक्झिट कोड आणि फाइलनावे यांच्या चाचण्या कशा लिहाव्यात?

तुम्ही सी भाषेतल्या प्रोग्रॅमसाठी एक छोटा कमांड-लाइन डीबगर, म्हणजे चालत्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचे साधन, लिहिला आहे, हाताने चालवून पाहिल्यावर तो ठीक वाटतो, आणि आता एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना परत करतो तो आकडा; ० म्हणजे यश) व फाइलनावे यांच्या स्वयंचलित चाचण्यांत नेमके काय तपासावे, असे तुम्ही विचारले आहे. मी पुण्यात एम्बेडेड सॉफ्टवेअरच्या चाचण्यांचे काम करतो. आमच्याकडे जीडीबी हा प्रचलित डीबगर रात्री कोणीही समोर नसताना चालतो आणि सकाळी आम्ही त्याच्या निकालावर विसंबून पुढचे काम ठरवतो, त्यामुळे हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो. माझे मत असे की चाचणी पडद्यावर दिसणाऱ्या मजकुरावर बेतू नये. परत आलेला आकडा आणि नावातले बाइट यांवरच बेतावी.

एक्झिट कोडच्या बाबतीत सगळा घोळ होतो तो डीबगरपाशी दोन कोड असतात म्हणून: एक त्याचा स्वतःचा आणि दुसरा तो ज्या प्रोग्रॅमची तपासणी करतो त्याचा. जीडीबीमध्ये बॅच पद्धतीत, म्हणजे आज्ञा आधीच देऊन ठेवून चालवताना, शेवटची आज्ञा फसली तर अलीकडच्या आवृत्त्या १ परत करतात. तपासल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमचा कोड हवा असेल तर ‘रिटर्न-चाइल्ड-रिझल्ट’ हा पर्याय वेगळा द्यावा लागतो. हा पर्याय दिला असूनही प्रोग्रॅम सुरूच झाला नाही, किंवा त्याला शेवटपर्यंत चालू दिले नाही, तर जीडीबी उणे १ परत करतो. शेलला, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या बॅशसारख्या प्रोग्रॅमला, कोडचे खालचे आठ बिटच मिळत असल्याने तिथे २५५ दिसतो आणि स्वतःहून २५५ परत करणाऱ्या प्रोग्रॅमपासून तो वेगळा ओळखता येत नाही. तुमच्या डीबगरने अशा वेळी काय करायचे, हे आधी कागदावर लिहून ठरवा आणि मगच चाचणी लिहा. ०, १, २५५ आणि २५६ परत करणारे चार छोटे प्रोग्रॅम हाताशी ठेवा, कारण २५६ हा शेलपर्यंत ० होऊन पोहोचतो. सेगमेंटेशन फॉल्टने (मेमरीत नको तिथे हात घातल्याने) मरणारा एक प्रोग्रॅमही ठेवा. तो थेट शेलमधून चालवल्यास कोड १३९ येतो, म्हणजे १२८ अधिक, ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रॅमला ज्या सिग्नलने मारते त्याचा क्रमांक ११. डीबगरखाली मात्र तो सिग्नलपाशीच थांबतो, मरत नाही. डीबगरला दिलेल्या चार आज्ञांमधली दुसरी फसली आणि शेवटची यशस्वी झाली तर कोड काय असावा, हेही तपासून घ्या. रात्रीच्या कामात खोटा शून्य बहुधा इथूनच येतो.

पडद्यावरचा मजकूर कसा फसवतो याचे चांगले उदाहरण जीडीबीतच आहे. प्रोग्रॅमने १० परत केला तर ‘कोड ०१२ ने संपला’ अशा अर्थाचा संदेश येतो, कारण तो आकडा अष्टमान पद्धतीने (आठाच्या पायावर) छापलेला असतो. संदेशातून आकडा उचलणारी चाचणी ७ पर्यंत बिनचूक चालते आणि ८ पासून चुकते. शिवाय डीबगरचे आउटपुट पाइपने ‘टी’ या, पडद्यावर आणि फाइलीतही लिहिणाऱ्या आज्ञेकडे नेले असेल, तर शेल शेवटच्या आज्ञेचा, म्हणजे ‘टी’चा कोड देतो. डीबगरचे अपयश कळावे म्हणून बॅशमध्ये ‘पाइपफेल’ हा पर्याय चालू करावा लागतो.

आता फाइलनावे. लिनक्समध्ये तिरपी रेघ आणि शून्य बाइट सोडून कोणताही बाइट नावात चालतो. त्यामुळे ‘कसबा पेठ’सारखे मध्ये मोकळी जागा असलेले फोल्डर, आडव्या रेघेने सुरू होणारे नाव, अवतरणचिन्ह असलेले नाव, यांच्या चाचण्या तर हव्यातच. अपूर्णविरामाकडे विशेष लक्ष द्या, कारण ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम जिथे थांबवायचा ती जागा, लिहिताना फाइल आणि ओळक्रमांक यांच्यामध्ये तोच येतो. चाचणीतून डीबगर सुरू करताना शेलची सलग ओळ न बनवता आर्ग्युमेंटची (आज्ञेला द्यायच्या एकेका शब्दाची) यादी द्या. नाहीतर तुमचा डीबगर बाजूला राहून शेलचीच परीक्षा होते.

मराठी नावांचा प्रश्न याहून खोल आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ एका युनिकोड चिन्हाने लिहिता येतो, र आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) अशा जोडीनेही लिहिता येतो, आणि काही कीबोर्ड तिथे र, हलंत व अदृश्य जोडचिन्ह घालतात. दिसायला तिन्ही शब्द सारखेच, पण यूटीएफ-८ या, युनिकोड बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत पहिला २१ बाइटचा आणि उरलेले दोन प्रत्येकी २४ बाइटचे. युनिकोडच्या सामान्यीकरणाने, म्हणजे समान लेखनांना एकच रूप देण्याने, पहिले दोन एक होतात, तिसरा वेगळाच राहतो. कंपायलरने डीबग माहितीत एक रूप नोंदवले आणि वापरणाऱ्याने दुसरे टाइप केले, तर बाइट ताडून पाहणाऱ्या डीबगरला फाइल डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही. माझ्या मते डीबगरने नाव परस्पर बदलू नये, कारण लिनक्सच्या एकाच फोल्डरमध्ये ही तिन्ही नावे एकत्र नांदू शकतात. त्याने मिळालेले बाइट जसेच्या तसे वापरावेत आणि फाइल न सापडल्यास ठरलेला कोड देऊन थांबावे. या फाइली चाचणी चालू असताना बाइट देऊनच तयार करा, कारण वाटेत एखादे संपादक किंवा मॅकवरची जुनी फाइलप्रणाली त्यांचे रूप बदलू शकते. लांबीची मर्यादाही तपासा: बहुतेक लिनक्स फाइलप्रणालींवर नाव २५५ बाइटपर्यंत चालते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे मात्रा आणि हलंत धरून ८५ चिन्हे.

अस्तित्वात नसलेली फाइल, फाइलीऐवजी फोल्डर आणि वाचण्याची परवानगी नसलेली फाइल या तिन्ही प्रकारांत कोड शून्य नसावा आणि संदेश स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर, यावा. यातल्या तिसऱ्या चाचणीत एक खाच आहे: सीआयचे, म्हणजे चाचण्या आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेचे, कंटेनर अनेकदा रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याने चालतात, आणि रूटला परवानगी नसलेली फाइलही वाचता येते, त्यामुळे डीबगर बरोबर असूनही चाचणी अनुत्तीर्ण होते. म्हणून चाचणीच्या सुरुवातीलाच वापरकर्ता रूट आहे का ते पाहा. असेल तर निकालात ती ‘वगळली’ असे कारणासह नोंदवा आणि साध्या वापरकर्त्याने चालणारे वेगळे काम तिच्यासाठी ठेवा.