नाताळला आईला घरी आणू की नको?

पत्र: ताई, माझी आई ८१ वर्षांची आहे. तिला अल्झायमर आहे आणि पायही आता फारसे साथ देत नाहीत. मार्चपासून ती केअर होममध्ये आहे, तिथला हा तिचा पहिलाच नाताळ. भावाचं म्हणणं, २५ तारखेला आईला घरी आणायचंच, तिच्याशिवाय कसला सण! त्या दिवशी घरात वीसेक माणसं असतात. ऑगस्टमध्ये वाढदिवसाला तिला आणलं होतं, तेव्हा दिवे लागणीच्या सुमारास ती दारापाशी जाऊन बसली आणि ‘मला घरी सोडा’ म्हणून रडायला लागली. तिला परत सोडून आल्यावर मी रडले. आता पुन्हा तेच करायचं? आणि नाही आणलं, तर ती तिथे एकटी असताना माझ्या घशाखाली घास तरी कसा उतरेल? – एक लेक

उत्तर: आधी सरळ उत्तर देते. नका आणू. २५ तारखेच्या त्या गर्दीत तर मुळीच नको.

ऑगस्टमध्ये जे झालं ते तुमचं काही चुकलं म्हणून झालं नाही. डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृती आणि समज हळूहळू जाण्याच्या (अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार), बऱ्याच रुग्णांची दुपार उलटली की घालमेल सुरू होते. डॉक्टर त्याला ‘सनडाउनिंग’ म्हणतात. दिवसभराचा थकवा, कमी होत गेलेला उजेड, अनोळखी वाटणारी जागा, सगळं एकदम अंगावर येतं. त्यात वीस माणसं एकाच वेळी बोलत असली की त्यातला आपल्याशी बोलणारा आवाज कुठला, हे त्या मेंदूला निवडता येत नाही. कानाला मशीन असेल तर ती भांड्यांचा आवाजही तितक्याच इमानाने मोठा करून ऐकवते. आपल्याला जी चहलपहल वाटते, तो त्यांना नुसता कालवा असतो.

आणि एक सांगू? पत्रात वीस माणसांचा उल्लेख आहे, पण बाथरूमचा कुठेच नाही. पाय साथ देत नसलेल्या बाईला घरी आणायचं म्हटलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न तोच येतो. तिला धरून कोण नेणार, कपडे ओले झाले तर चारचौघांत तिची लाज न घालवता कोण बदलणार? ‘आणायचंच’ म्हणणाऱ्यांच्या यादीत हे काम सहसा नसतं.

‘मला घरी सोडा’ हे वाक्य मनाला फार लावून घेऊ नका. चाळीस वर्षं ज्या घरात काढली तिथेच बसूनही डिमेन्शियाची माणसं हेच म्हणतात. दमले आहे, भीती वाटतेय, कुठेतरी दुखतंय, लघवीला लागलीय, यातलं काहीही त्यामागे असू शकतं. म्हणून ‘अगं आई, हेच तर तुझं घर’ असा वाद घालून उपयोग होत नाही. जवळ बसा, हात हातात घ्या, ‘घरची आठवण येतेय का? सांग ना’ म्हणा. बोलता बोलता बाथरूमला नेऊन आणा. बरेचदा तेवढ्याने वादळ शमतं.

तर, आईला सणाकडे न्यायचं नाही, सण तिच्याकडे न्यायचा. तिची बरी वेळ कुठली हे तिथल्या सिस्टरांना विचारा. बहुतेकांची सकाळ बरी असते. एका वेळी दोघं, फार तर तिघं जा. टीव्ही बंद करा, तिच्या समोर, तिच्या नजरेच्या उंचीवर बसा. ‘मला ओळखलंस का?’ ही परीक्षा घेऊ नका, ‘आई, मी तुझी लेक, तुला भेटायला आले’ असं स्वतःच सांगून टाका. घरातल्या जुन्या सजावटीच्या खोक्यातलं काहीतरी, कापडाचं किंवा लाकडाचं, न फुटणारं, तिच्या हातात द्या. ती ते उलटंपालटं करेल, कडा चाचपेल, दोरा ओढेल, आणि मध्येच काहीतरी बोलेल, कदाचित तुम्ही जन्मण्याच्या आधीचं. बोललेलं दुरुस्त करायला जाऊ नका. मेणबत्त्या नेऊ नका, अशा ठिकाणी उघडी ज्योत सहसा चालत नाही, आणि कुणाला ऑक्सिजन लावलेला असेल तर ते धोक्याचंच. बॅटरीवरचे दिवे न्या, पण लुकलुकणारे नकोत.

सगळ्यात हमखास गोष्ट म्हणजे गाणी. अलीकडचं आधी पुसलं जातं आणि लहानपणी पाठ झालेलं बराच काळ टिकतं, त्यातही सुरात बसलेलं जास्तच. लेकीचं नाव न आठवणारी आई नाताळच्या भजनाचं पुढचं कडवं आपण होऊन म्हणते, हे होतं. तुम्ही पहिली ओळ संथपणे म्हणा आणि थांबा. घाई करू नका. ती गायली नाही, नुसती बोटांनी ताल धरून बसली, तरी गाणं पोचलं असं समजा.

खाऊ नेण्याआधी विचारून घ्या. आजार वाढला की गिळायला त्रास होतो, मग भुगा होणारा केक आणि सुकामेवा घशात अडकू शकतो. वाइनचा ‘एकच घोट’ही झोपेच्या किंवा मनाच्या गोळ्यांवर महागात पडतो. भेट म्हणून समोरून बटणं असलेला मऊ स्वेटर द्या आणि आतल्या पट्टीवर मार्करने तिचं नाव लिहा. धुलाई सगळ्यांची एकत्र होते, नाहीतर नव्या वर्षात तो स्वेटर शेजारच्या आजींच्या अंगावर दिसेल. घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले असतील, तर ते थांबल्यावरही ४८ तास त्याने तिकडे फिरकू नये. एकाचा संसर्ग तिथे सगळ्या मजल्याला होतो. आणि आई एक-दोन दिवसांत अचानक जास्त गोंधळलेली किंवा गुंगीत वाटली, तर ‘आजार वाढला’ म्हणून सोडून देऊ नका, लगेच सिस्टरांना सांगा. त्यामागे लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असू शकतो आणि त्यावर इलाज असतो.

निघताना पर्स-कोट घेऊन तिच्यासमोर उभं राहू नका. जेवणाची वेळ गाठून निघा, म्हणजे तिचं लक्ष ताटाकडे जातं. गळाभेटीचा सोहळा नको, ‘परत येते’ म्हणा आणि निघा.

आता तुमच्या घासाबद्दल. आईला तारीख कळत नाही, २५ ही अट आपली आहे, तिची नाही. तसाही चर्चचा नाताळ एका दिवसात आटपत नाही, तो ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत चालतो. तेव्हा २५ ला सकाळी थोडा वेळ जाऊन या आणि मग घरी स्वस्थ जेवा. पुढचे दिवस बाकीच्यांना वाटून द्या. एकाच दिवशी वीस जण येण्यापेक्षा दहा दिवस रोज दोघं आलेली तिला जास्त झेपतील. आणि त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या मावशींसाठी सगळ्यांना पुरेल असा खाऊचा डबा न्या. पैसे मात्र परस्पर हातात देऊ नका, बहुतेक ठिकाणी त्याचे नियम असतात.

राहिला भाऊ. त्याला वाईट ठरवू नका, आई हरवत चाललीय हे मान्य करणं त्यालाही जड जात असणार. २६ ची सकाळ त्याला द्या आणि एकट्याला पाठवा. तरीही तो हट्टालाच पेटला तर आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले, तर गर्दी नसलेला एखादा दिवस निवडा आणि अटी आधीच सांगा: फक्त दुपारचं जेवण, घरातली चार माणसं, तीनच्या आत परत. गोळ्यांच्या वेळा, व्हीलचेअर आणि तिला बाथरूमला नेणं-आणणं, हे सगळं त्याच्याकडे. एवढ्याला तयार असेल, तर खुशाल आणू दे.