पहिलाच बास गिटार कस्टम, म्हणजे मागणीनुसार बनवून घ्यायचा म्हणतोस?

फोडेरा कंपनीच्या बासचे फोटो बघून तुला झोप लागत नाही, हे मला समजतं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १९८३ पासून ही मंडळी बास घडवतायत. किंमत हजारो डॉलर्समध्ये, वर आयात शुल्क आणि जीएसटी वेगळा. पण तो पैसा नुसत्या नावाचा नाही. निवडून वाळवलेलं लाकूड, हाताने घासून समतल केलेले फ्रेट (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), आणि मुख्य म्हणजे वादकाच्या डोक्यातला आवाज. बासवादक अँथनी जॅक्सनला हवा होता तसा सहा तारांचा बास दुकानात नव्हताच. १९७५ मध्ये कार्ल थॉम्पसन या कारागिराने त्याच्यासाठी तो बनवला. कस्टम करून घ्यायचं ते अशासाठी.

तुला नेक, म्हणजे बासचा दांडा, जाड मानवते की बारीक, चार तारा पुरतात की पाच, हे अजून तुझ्या बोटांना कळायचंय. काही वर्षं वाजव, मग मागणी सांगता येईल.

आणि आपण रत्नागिरीत राहतो रे! खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात, पावसाळ्यात नेकचा बाक बदलतो. बाक तपासायला जाड ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाब, मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधली फट बघ. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. ट्रस रॉड, म्हणजे बाक कमी-जास्त करणारी नेकमधली सळई, फिरवलास तर पाव फेराच, मग थांबून पुन्हा तपास. हे स्वस्त बासवर शिकून घे.

गणपतीत ऑर्केस्ट्राबरोबर उभं राहायचंय ना? स्क्वायर कंपनीचा प्रिसिजन बास घे, उरलेल्या पैशांत बरा अँप. केसमध्ये सिलिका जेलची पाकिटं टाकायला विसरू नकोस.